वेदीपुढे गारठलेला तरुण

आजचे वाचन : इब्री ९:११-२२, १ पेत्र २:४-१०



आज इब्री पत्राचा नववा अध्याय वाचताना मार्टिन ल्यूथर डोक्यातून जात नव्हते. १५१७, विटेनबर्ग, ९५ सिद्धांत, एवढं आपल्याला पाठ असतं. मला मात्र त्याच्या दहा वर्षं आधीचा एक दिवस आठवत राहिला.

साल १५०७. जर्मनीतल्या एरफुर्टच्या ऑगस्टिनियन मठात २३ वर्षांचा नवा याजक पहिली मिस्सा अर्पण करायला उभा होता. दोन वर्षांपूर्वी प्रवासात वीज अगदी जवळ कोसळली, घाबरून त्याने नवस केला आणि कायद्याचं शिक्षण सोडून मठात आला. वडील हान्स तांब्याच्या खाणधंद्यातले, मुलाने वकील व्हावं म्हणून पैसे लावलेले. (फायनल इयरला कॉलेज सोडतो म्हणून घरी सांगून बघा!) तरी त्या दिवशी राग बाजूला ठेवून ते पाहुण्यांसह आले होते.

प्रार्थनेत थेट जिवंत देवाला उद्देशून बोलायची जागा आली आणि मार्टिन गारच पडला. मी कोण, बोलतोय कोणाशी? वेदी सोडून पळावंसं वाटलं. कशीबशी मिस्सा उरकली. नंतर जेवताना वडिलांनी टोचलंच, ती वीज सैतानाची फसवणूक नव्हती कशावरून, आणि आईबापांचा मान राखायची आज्ञा तू वाचली नाहीस का? हा प्रश्न ल्यूथरना पुढे कित्येक वर्षं सलत राहिला.

मला ती भीती वेडेपणाची वाटत नाही. जुन्या करारात परमपवित्रस्थानात एकटा प्रमुख याजक जायचा, तोही वर्षातून एकदाच, रक्त घेऊन. रिकाम्या हाताने कोण जाणार?

उत्तर त्यांना शास्त्र शिकवता शिकवता सापडत गेलं. ग्रीकमध्ये ‘दियाथेके’ हा एकच शब्द करारासाठीही आहे आणि मृत्युपत्रासाठीही. इब्री पत्र त्याचाच आधार घेतं. १५२० मध्ये ल्यूथरनी हा धागा पकडून लिहिलं की प्रभुभोजन म्हणजे आपण देवाला चढवलेलं अर्पण नव्हे, ते मरणाऱ्या ख्रिस्ताचं मृत्युपत्र आहे. पापक्षमा हा वारसा. वारसाला अटी पूर्ण करायच्या नसतात, विश्वासाने घ्यायचं असतं.

त्याच वर्षी त्यांनी दुसरी गोष्टही ठासून मांडली : बाप्तिस्मा झालेला प्रत्येक जण याजक आहे. चांभार, लोहार, शेतकरी, सगळे. पाळकाचं काम वेगळं, दर्जा वेगळा नाही. मात्र उठेल त्याने मंडळीत उपदेश करावा असं त्यांनी म्हटलं नाही. त्यासाठी मंडळीने बोलवायला हवं. (आपल्या कॅथलिक मित्रांची याजकपदाची समज वेगळी आहे, हे इथे लक्षात ठेवू या.) १५२२ मध्ये तर त्यांनी लिहिलं की बाप विश्वासाने बाळाचे लंगोट धुतो तेव्हा देव आनंदतो. तेव्हा त्यांचं स्वतःचं लग्नसुद्धा झालं नव्हतं! ते झालं १५२५ मध्ये, मठ सोडलेल्या काथारीना फोन बोरा यांच्याशी.

एक गोष्ट लपवून चालणार नाही. ज्या लोकांशी देवाने पहिला करार केला, त्या यहुद्यांविरुद्ध ल्यूथरनी १५४३ मध्ये भयंकर विषारी लिहिलं, त्यांची सभास्थानं जाळा इथपर्यंत. कृपेचा वारसा फुकट मिळतो हे ज्याने जगाला सांगितलं, त्याच हाताने. मी याला ‘तो काळच तसा होता’ म्हणून सोडू शकत नाही.

१५४६ च्या हिवाळ्यात मान्सफेल्डच्या सरदारांचं भांडण मिटवायला ते आजारी असतानाच आइसलेबेनला गेले. तेच त्यांचं जन्मगाव. १८ फेब्रुवारीच्या पहाटे तिथेच शेवट आला. अंत्यसमयीचं तैलमर्दन नाही, बिछान्याशी काही मित्र. त्यांनी स्तोत्रातल्या शब्दांत आपला आत्मा देवाच्या हाती सोपवला. यूस्टुस योनास यांनी वाकून विचारलं, ख्रिस्तावर विश्वास ठेवून मरायला तयार आहात ना? त्यांनी स्पष्ट ऐकू येईल असा होकार दिला.