प्रकाशाचा वैद्य : नील्स फिन्सेन

आमच्या शहरात आता पार्लरच्या पाट्यांवरही लेसरची जाहिरात दिसते. चेहऱ्यावरचे डाग, नको असलेले केस, सारे प्रकाशाने जाते म्हणे. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. लेसरचे भौतिकशास्त्र समजावणे हे माझे काम नव्हे. पण आधुनिक वैद्यकात प्रकाशाला औषधाचा मान मिळवून देणाऱ्या माणसाचे चरित्र वाचनात आले आणि ते सांगितल्यावाचून राहवेना.

नील्स रायबर्ग फिन्सेन यांचा जन्म १५ डिसेंबर १८६० रोजी उत्तर अटलांटिकमधील फॅरो बेटांवर झाला. काही शिक्षण आइसलंडमध्ये झाले आणि १८९० मध्ये ते कोपनहेगनला डॉक्टर झाले. तिकडे हिवाळ्यात दिवस कसाबसा चार-पाच तासांचा. आपण वैशाखात सावली शोधणारी माणसे. उन्हाची किंमत त्यांना आपल्याहून जास्त कळणार. त्यातच तरुणपणी असाध्य आजार जडला. हृदय आणि यकृत बिघडले, पोटात पाणी साठू लागले. उत्तराभिमुख घरात त्यांना सदा थकवा वाटे. उन्हात बसले की हुशारी येई.

तरीही ऊन केवळ गुणकारीच, असे त्यांनी गृहीत धरले नाही. मला त्यांचे मोठेपण इथेच दिसते. स्वतःच्या हातावर त्यांनी काळ्या शाईचा पट्टा ओढला आणि हात कडक उन्हात धरला. शाई पुसल्यावर पट्ट्याखालची कातडी पांढरीच राहिली, आजूबाजूची मात्र भाजून लाल झाली आणि पुढे काळवंडली. मग शाईविना तोच हात पुन्हा उन्हात धरला. या वेळी तो पांढरा पट्टा भाजला. काळवंडलेली कातडी बचावली. ऊन अंगाला अपाय करू शकते, आणि कातडीचा रंग त्यात भाग घेतो, हे त्यांनी असे स्वतःच्या हातावर पाहिले.

त्या काळी ल्युपस नावाचा कातडीचा क्षय चेहरा कुरतडून टाकी. (क्षय हा शब्द मराठीत आणि कन्नडमध्ये एकच, दुर्दैवाने दोन्हीकडे परिचित.) ल्युपस म्हणजे लॅटिनमध्ये लांडगा, यावरून काय ते समजावे. नोव्हेंबर १८९५ मध्ये कोपनहेगनच्या वीज कारखान्यात फिन्सेन यांनी मोगेन्सेन नावाच्या अभियंत्यावर कार्बन-आर्क दिव्याचा प्रयोग केला. अनेक शस्त्रक्रियांनी न हटलेला रोग काही महिन्यांत हटला. १८९६ साली प्रकाश-चिकित्सेची संस्था उभी राहिली आणि पाच-सहा वर्षांत सुमारे ८०० रोग्यांवर तिथे उपचार झाले. बहुतेकांना गुण आला.

उपचारांची शिस्त पाहण्यासारखी होती. एका मोठ्या दिव्याभोवती चार नळ्या, प्रत्येकीखाली एक रोगी. उष्णतेने कातडी जळू नये म्हणून किरण पाण्यातून गाळून घेत. रक्त किरण शोषून घेते, म्हणून परिचारिका क्वार्ट्‌झचे भिंग कातडीवर दाबून तेथील रक्त बाजूला सारी. डोळ्यांवर काळे चष्मे. नाण्याएवढ्या जागेसाठी रोज तासभर, आणि असे कित्येक महिने! हिशेबाच्या वहीत हा खर्च फारच जड दिसला असेल. तरी १९०० साली, पुढे इंग्लंडची राणी झालेल्या अलेक्झांड्रा यांनी असा दिवा लंडनच्या रुग्णालयाला दिला.

फिन्सेन यांचे सगळेच बरोबर ठरले असे नाही. देवीच्या रोग्यांना लाल प्रकाशात ठेवण्याची त्यांची पद्धत टिकली नाही. पण शाईच्या पट्ट्याचा अनुभव १९६० साली जन्मलेल्या लेसरलाही लागू पडतो. काळा रंग प्रकाश अधिक शोषतो. म्हणून आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर चुकीच्या तरंगलांबीचा किंवा अधिक शक्तीचा लेसर भाजल्याचे व्रण उठवतो. चष्माही त्याच तरंगलांबीसाठी बनवलेला लागतो, साधा गॉगल चालत नाही. तो डॉक्टर, परिचारिका, रोगी, सर्वांनाच हवा, कारण चकचकीत हत्यारावरून परतलेला किरणही डोळ्याचा पडदा जाळू शकतो.

१९०३ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक फिन्सेन यांना मिळाले तेव्हा ते स्टॉकहोमला जाण्याच्या स्थितीत नव्हते. पारितोषिकाच्या रकमेतील मोठा वाटा त्यांनी संस्थेला दिला. खुर्चीला खिळलेल्या या माणसाने अखेरच्या दिवसांत आणखी एक जमाखर्च मांडला: आपल्याच शरीरात मीठ आणि पाणी किती जाते, किती उरते. त्यावरचा त्यांचा शेवटचा लेख १९०४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, ते कोपनहेगनमध्ये वारले.