शारदा सदनाचे उघडे दार

सन १८९३ च्या ऑगस्ट महिन्यात पुण्यातील शारदा सदनाच्या सल्लागार मंडळाने संस्थेशी असलेला संबंध तोडला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारखी माणसे त्या मंडळात होती. विधवांच्या शिक्षणासाठी सनातन्यांचा रोष पत्करणारे सुधारकच बाजूला झाल्याने पालकांचा धीर सुटला आणि सुमारे पंचवीस मुली सदनातून काढून घेण्यात आल्या. कारण वरवर पाहता किरकोळ होते. संस्थेच्या संस्थापिका पंडिता रमाबाई आपल्या मुलीसह प्रार्थनेला बसत, तेव्हा खोलीचे दार लावून घेत नसत. काही विद्यार्थिनी आपण होऊन तेथे येऊन बसू लागल्या होत्या.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले, आणि आईने ते रमेला शिकवले. हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत फिरे. जवळचे द्रव्य दानधर्म व व्रतवैकल्ये यांत संपले, आणि दुष्काळ आला तेव्हा हाती काहीच उरले नव्हते. १८७४ मध्ये आई-वडील गेले, पाठोपाठ थोरली बहीणही. ज्या देवांवर भार टाकला ते धावून आले नाहीत, हा अनुभव रमाबाईंच्या पुढील सगळ्या धर्मविचाराच्या मुळाशी आहे. भाऊ श्रीनिवास याच्यासह देशभर पायपीट करीत त्या १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. भाऊ १८८० मध्ये वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी आंतरजातीय विवाह केला, पण दोन वर्षे पुरती होण्याआधीच पती पटकीने दगावले. पतीच्या ग्रंथसंग्रहात सापडलेली लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत हा रमाबाईंचा ख्रिस्ती धर्माशी पहिला निकटचा परिचय होता.

चिमुकल्या मनोरमेला घेऊन त्या १८८२ मध्ये पुण्यात आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला आणि पुढल्या वर्षी इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात २९ सप्टेंबर १८८३ रोजी माय-लेकींनी बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात याचा जबर धक्का बसला. रमाबाई फितूर झाल्या, अशीच बहुतेकांची समजूत झाली.

वाँटेजमध्ये मात्र वेगळेच घडत होते. रमाबाई आज्ञाधारक शिष्या निघाल्या नाहीत. त्यांच्या धर्मशिक्षणाची जबाबदारी असलेल्या भगिनी जेराल्डीन आणि त्यांच्यात त्रैक्याच्या सिद्धांतावरून, ख्रिस्ताच्या देवत्वावरून आणि चर्चच्या अधिकारावरून दीर्घ वाद झाला. क्रुसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नाहीत, इथपर्यंत तो पोहोचला. चर्च शिकवते म्हणून मानायचे, हे त्यांच्या बुद्धीला पटत नव्हते. एका पुरोहितशाहीतून सुटून दुसरीत शिरण्याची त्यांची तयारी नव्हती. सर्वांत तीव्र मतभेद मनोरमेच्या शिक्षणावरून झाले. आईला स्वतःला न पटलेली मते मुलीच्या मनावर बिंबवली जाऊ नयेत, असा त्यांचा आग्रह होता. हा पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. विश्वास कसा शिकवावा आणि कसा शिकवू नये, यावर मराठी स्त्रीने घातलेला इतका निर्भीड वाद दुसरा सापडणे कठीण. दहा वर्षांनी पुण्याचे पालक रमाबाईंपुढे जी हरकत घेऊन उभे राहिले, ती जवळजवळ हीच होती.

१८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि अमेरिकेत राहून त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. तिने दहा वर्षे साहाय्य देण्याचे मान्य केले; अट अशी, की शाळेत कोणत्याही धर्माचा प्रचार होणार नाही. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले व पुढच्या वर्षी पुण्यास आले. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई जोशी होत्या. पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करून त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. सदनात सोवळेओवळे पाळण्याची मुभा होती. बायबल शिकवले जात नाही म्हणून मिशनरी मंडळी नाराज, तर संचालिका ख्रिस्ती म्हणून सनातनी साशंक, अशा कात्रीत रमाबाई होत्या.

यात त्यांच्या अंतरंगातील बदलाची भर पडली. १८९१ च्या सुमारास त्यांना जाणवले, की आपण ख्रिस्ती धर्म बुद्धीने स्वीकारला, पण ख्रिस्त आपल्याला भेटलेला नाही. तेव्हापासून त्यांची श्रद्धा वादाची राहिली नाही. ती रोजच्या जगण्याची झाली. अशा बाईने प्रार्थनेचे दार लावून घ्यावे, ही अपेक्षा तिला स्वतःच्या विश्वासाशी प्रतारणा वाटली. मी कोणाला बोलावत नाही, पण येणाऱ्याला हाकलणारही नाही, अशी त्यांची भूमिका होती. नियमाच्या अक्षराला धरून ती चूक नव्हती. पण सदनातल्या मुली निराधार होत्या, कोवळ्या वयाच्या होत्या, आणि ज्या बाईने त्यांना अन्न, अक्षर व माया दिली तिच्या खोलीचे दार त्यांच्यासाठी नुसते दार नव्हते. ‘केसरी’ची भाषा विखारी होती, तरी पालकांची भीती निव्वळ कपोलकल्पित म्हणता येत नाही. मराठी ख्रिस्ती माणूस देवावरच्या श्रद्धेला ‘विश्वास’ म्हणतो. मुलगी शाळेत पाठवणाऱ्या बापाचाही तो विश्वासच. १८९३ मध्ये या दोन विश्वासांची गाठ पडली आणि रमाबाईंनी पहिला निवडला. समाजाला विश्वास वाटेल अशा संस्थेची जागा मग १८९६ मध्ये कर्व्यांच्या अनाथ बालिकाश्रमाने घेतली.

त्याच सुमारास मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बालपणी उपाशी भटकलेल्या रमाबाई तिकडे धावल्या आणि सुमारे ३०० मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेग होता, म्हणून त्यांना केडगाव येथे घेतलेल्या शेतजमिनीवर हलवले. तेच मुक्ती सदन. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. बोस्टनच्या मंडळाची दहा वर्षांची मुदत संपली होती, आणि मुक्ती उघडपणे ख्रिस्ती संस्था झाली. ब्रिस्टलचे जॉर्ज म्यूलर लोकांपुढे हात न पसरता, केवळ प्रार्थनेच्या बळावर अनाथालय चालवीत. त्यांचे चरित्र रमाबाईंनी वाचले होते, आणि उद्याच्या धान्याचा भार देवावर टाकण्याची ही रीत त्यांनी केडगावात आणली. पण विद्यार्थिनींना शेती, विणकाम, तेलाची घाणी, छापखाना हेही त्यांनी तितक्याच काटेकोरपणे शिकवले. अंध मुलींना ब्रेल शिकवण्याचे काम मनोरमेने हाती घेतले. १९०५ च्या जूनमध्ये मुलींच्या सामूहिक प्रार्थनेतून जी धार्मिक लाट उसळली, तिची नोंद जगभरच्या ख्रिस्ती इतिहासकारांनी घेतली आहे.

केडगावच्या मुलींना परत न्यायला मात्र कोणी पालक येणार नव्हते. पुण्यात रमाबाईंना जाब विचारणारे होते, येथे कोणी नव्हते. ज्या आईने वाँटेजमध्ये लेकीसाठी हक्क मागितला, तिला हा फरक जाणवला असेल का, असा प्रश्न चरित्र वाचताना पडतो. ज्या मुली अन्यथा भुकेने मेल्या असत्या किंवा विकल्या गेल्या असत्या, त्यांच्यापुढे हा प्रश्न ठेवणे मात्र सोपे नाही.

उतारवयात रमाबाई हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि बायबलच्या मराठी भाषांतराला बसल्या. प्रचलित भाषांतर त्यांना संस्कृतप्रचुर वाटे. नव्याने अक्षरओळख झालेल्या खेड्यातल्या बाईला कोणाच्या मदतीवाचून वाचता यावे, ही त्यांची कसोटी होती. ‘पंडिता’ पदवी मिळवणारी स्त्री संस्कृत शब्द वेचून वेचून बाहेर काढीत होती. जुळणी व छपाई मुक्तीच्या स्त्रियांनीच केली. जुलै १९२१ मध्ये मनोरमा मिरजेला वारली. मुलीमागे आठ-नऊ महिने रमाबाई मुद्रिते तपासत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावात त्यांचे निधन झाले. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये त्याच छापखान्यातून बाहेर पडले.