घुंगरू आणि वही

दहावी आली, की लेकीचे घुंगरू माळ्यावर जातात. नाच की अभ्यास? घरोघरी हाच प्रश्न. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी मात्र दोन्ही एकाच अंगणात आणलं.

१९०४ मध्ये मदुराईत जन्मलेल्या रुक्मिणीने १९२० मध्ये इंग्रज थिऑसॉफिस्ट जॉर्ज अरुंडेल यांच्याशी लग्न केलं. केवढा गहजब झाला! पुढे रशियन बॅले नर्तकी ॲना पावलोवाशी ओळख झाली. आपल्याच देशाचं नृत्य शिक, असं तिनं सुचवलं. ते नृत्य होतं सदिर, देवदासींनी जपलेलं. घरंदाज म्हणवणाऱ्या बायकांनी ते शिकायचं नाही, असा तो काळ. रुक्मिणीदेवी तिशीच्या सुमाराला गुरू मीनाक्षीसुंदरम पिळ्ळै यांच्यापुढे विद्यार्थिनी म्हणून उभ्या राहिल्या आणि १९३५ मध्ये त्यांनी रंगमंचावर पाऊल ठेवलं. शिकायला वय आड येत नाही ते असं!

१९३६ मध्ये त्यांनी मद्रासला अड्यारमध्ये कलाक्षेत्र काढलं. इथे नुसते पाय आपटून भागत नसे. गाणं शिकायचं, ताल समजून घ्यायचा, पदाचा अर्थ कळल्याशिवाय अभिनय करायचा नाही. संस्थेच्या जोडीला शाळाही होती. झांजा वाजवून नाच चालवण्याचं काम, म्हणजे नट्टुवांगम, तोवर बहुतेक पुरुष गुरूंकडेच असे. तेही इथल्या मुली शिकल्या. त्यामुळे नाचणारी मुलगी पुढे शिकवणारीही झाली, स्वतःच्या पायावर उभी राहिली.

१९७७ मध्ये राष्ट्रपतिपदासाठी विचारणा झाली, ती त्यांनी नाकारली. १९८६ मध्ये त्या गेल्या.

तेव्हा मैत्रिणींनो, परीक्षेच्या वर्षी रियाझाचा वेळ हवा तर कमी करा, पण घुंगरू माळ्यावर टाकू नका. आणि क्लासच्या पिशवीत एक वहीही असू द्या!