हाइन्रिख हर्ट्झ

पेडणे तालुक्यातील मोपाच्या पठारावर २०२३ सालापासून विमाने उतरू लागली. मनोऱ्यातील नियंत्रक वैमानिकाशी ज्या लहरींवर बोलतो, त्या सेकंदास सुमारे १२ कोटी वेळा आंदोलन पावतात. ही मोजणी ज्यांच्या नावाने होते, ते हाइन्रिख हर्ट्झ १८५७ साली हांबुर्ग येथे एका वकिलाच्या घरी जन्मले. बालपणीच ते लेथवर काम शिकले. ते हस्तकौशल्य पुढे फार उपयोगी पडले. मॅक्सवेलने गणिताने वर्तविलेल्या विद्युत्चुंबकीय लहरी त्यांनी १८८७-८८ मध्ये कार्ल्सरूहे येथे प्रत्यक्ष दाखविल्या. अंधाऱ्या खोलीत, तारेच्या कड्यातील फटीत उडणारी अंधुक ठिणगी, एवढाच पुरावा! या लहरी व्यवहारात निरुपयोगीच, अशी त्यांची समजूत होती. १८९४ च्या पहिल्याच दिवशी, अवघे ३६ वर्षांचे असताना, ते बॉन येथे निवर्तले. मार्कोनीचे बिनतारी संदेश त्यानंतरचे.