जॉन पोस्टेल : इंटरनेटचा पोस्टमास्तर

मित्रांनो, लॉटरी लागल्याचे, लोन मंजूर झाल्याचे मेल बघून आपण सगळेच वैतागतो. पण नको असलेल्या मेलचा त्रास होऊ शकतो, हे एका माणसाने १९७५ सालीच लिहून ठेवलं होतं! त्याचं नाव जॉन पोस्टेल.

त्यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ चा, कॅलिफोर्नियातला. १९६९ मध्ये आर्पानेटचा पहिला नोड लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात सुरू झाला, तेव्हा ते तिथेच शिकत होते. पुढे १९७४ मध्ये तिथूनच पीएच.डी. झाले. नेटवर्कचे नियम ज्या टिपणांतून ठरतात त्यांना आरएफसी म्हणतात. त्यांचं संपादन पोस्टेल यांनी जवळजवळ तीस वर्षं केलं. कुठला नंबर, कुठलं नाव कुणाला दिलं, याची नोंदही तेच ठेवत. १९८९ मध्ये भारताला 'डॉट इन' मिळालं आणि मुंबईची एनसीएसटी ते सांभाळू लागली, ती नोंदही याच वहीतली.

नोव्हेंबर १९७५ च्या छोट्याशा टिपणात त्यांनी अडचण मांडली : एखादं मशीन नको ते संदेश पाठवत सुटलं, तर घेणाऱ्याकडे ते नाकारायची सोयच नाही. गंमत म्हणजे ऑगस्ट १९८२ मध्ये त्यांनीच लिहिलेल्या एसएमटीपीत पाठवणाऱ्याने सांगितलेलं नाव खरं धरलं जायचं. तेव्हा नेटवर्क छोटं होतं, विश्वासावर चालायचं. शिवाय आपण पाठवताना नियम काटेकोर पाळावेत आणि दुसऱ्याचं घेताना मन मोठं ठेवावं, हे त्यांचं तत्त्वच होतं. स्पॅमवाल्यांनी नेमका याचाच फायदा उठवला.

यावरची एक चाळणी पोस्टेल यांच्याच ऑफिसात तयार झालेल्या व्यवस्थेतून मिळाली. त्यांनी सहकारी पॉल मोकापेट्रिस यांच्यावर काम सोपवलं आणि १९८३ मध्ये डीएनएस आलं. त्यात नावावरून आयपी नंबर मिळतो, तसंच नंबरवरून नावही मिळतं. हेच रिव्हर्स डीएनएस.

समजा, रेक्टर सरांना फोन आला : मी साताऱ्याहून अमुकचा बाबा बोलतोय, पोराला सोडा. सर काय करतील? स्क्रीनवरचा नंबर कुणाचा ते रजिस्टरात बघतील. मग त्या नावापुढे तोच नंबर आहे ना, तेही ताडून घेतील. मेल सर्व्हर तेच करतो. १९२.०.२.१० वरून कनेक्शन आलं, की आकडे उलटे लावून १०.२.०.१९२ च्या पुढे 'इन-ॲडर डॉट आर्पा' जोडतो आणि पीटीआर नोंद विचारतो. मिळालेल्या नावावरून पुन्हा तोच नंबर आला तर पुढे, नाहीतर दारातूनच परत! व्हायरस लागलेल्या घरगुती पीसीवरून येणारा पुष्कळ स्पॅम इथेच अडकतो.

पण चाळणीत चांगले दाणेही अडकतात. पीटीआर नोंद आपल्याला वाटलं म्हणून करता येत नाही. ती आयपी ज्याच्या ताब्यात, त्यानेच करायची किंवा तसा अधिकार द्यायचा. म्हणजे सांगलीतल्या एखाद्या छोट्या संस्थेने स्वतःचा सर्व्हर लावला आणि लाइन देणाऱ्या कंपनीने नोंदच केली नाही, तर तिची खरी पत्रंही परत येतात. उलट स्वतःचं डोमेन घेऊन रीतसर नोंद करणारा स्पॅमवाला आत शिरतो. म्हणून एसपीएफ, डीकेआयएम अशा आणखी चाळण्या लावाव्या लागतात. २०२४ पासून जीमेलनेही पाठवणाऱ्या सर्व्हरसाठी रिव्हर्स नोंद आवश्यक केली आहे.

१६ ऑक्टोबर १९९८ रोजी, हृदयाच्या ऑपरेशननंतर, वयाच्या ५५ व्या वर्षी पोस्टेल गेले. नंबरांची वही सांभाळायला आयकॅन ही संस्था त्याआधी काही आठवड्यांपूर्वीच स्थापन झाली होती. एका माणसाच्या शब्दावर चालणारं काम आता संस्थेकडे गेलं.

तेव्हा दोस्तहो, प्रोजेक्टसाठी मेल सर्व्हर उभा करणार असाल, तर आधी पीटीआर नोंद करून घ्या. आणि फिल्टर लावणार असाल, तर नोंद नसलेला प्रत्येकजण चोर नसतो हेही लक्षात ठेवा. अडवलेल्या मेलचा लॉग अधूनमधून वाचा. पोस्टेल यांचं मोठं मन तेवढं तरी शिल्लक राहायला हवं!