एकांतव्रती इतिहासाचार्य राजवाडे

जनांत वावरूनही ज्यांनी एकटेपण बुद्धिपुरस्सर पत्करले व त्यातच समाधान मानले, अशा महाराष्ट्रीय पुरुषांत इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचे स्थान फार वरचे आहे.

त्यांचा जन्म १८६३ साली कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील वरसई या गावी झाला. बालपणीच पितृछत्र हरपले. पुण्यास शिक्षण घेऊन ते बी. ए. झाले व काही काळ त्यांनी शिक्षकाचे काम केले. ऐन तारुण्यात पत्नी निवर्तली. अशा वेळी पुरुषाने दुसरा संसार थाटावा, ही त्या काळची सर्वमान्य रीत होती. राजवाड्यांनी ती मानली नाही. पुढील सर्व आयुष्य त्यांनी एकट्याने काढले.

मात्र हा एकांत विरक्ताचा नव्हता. गावोगाव हिंडावे, जुन्या वाड्यांतील दप्तरे धुंडाळावी, कसर लागलेले मोडी कागद जपून आणावे, स्वतःच्या हाताने साधे अन्न शिजवावे आणि पुन्हा लेखनास बसावे, असा त्यांचा जीवनक्रम होता. वाई येथे सापडलेल्या पत्रांच्या आधारे १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड निघाला; पुढे खंडांची संख्या २२ झाली. स्वतःचा संसार न मांडणाऱ्या या पुरुषाने भारतीय विवाहसंस्थेच्या इतिहासावरही मूलगामी लेखन केले.

त्यांचा स्वभाव करारी व तापट होता, हे सांगितलेच पाहिजे. १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापण्यात त्यांचा पुढाकार होता. तथापि मतभेद होताच आपण उभारलेली ती संस्था सोडून ते पुढे धुळ्यास जाऊन राहिले. एकांताचे मोल त्यांनी असे पुरेपूर चुकविले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथेच त्यांचे देहावसान झाले. मागे राहिलेल्या कागदपत्रांच्या जतनासाठी तेथे राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले.

आपल्या मेळाव्यांत एकटा राहणारा बंधू वा भगिनी दिसली की आपण सहज कीव करतो, स्थळे सुचवू लागतो. त्यांचे एकटेपण दुःखाचे आहे की व्रताचे, हे आधी विचारावे. दुःखाचे असेल तर धावून जावे. व्रताचे असेल तर आदराने दूर राहावे. राजवाड्यांच्या घरी वंशाचा दिवा नव्हता. परंतु त्यांनी उजेडात आणलेल्या कागदांतून असंख्य घराण्यांना आपले पूर्वज भेटले.