विजय हजारे: पुरस्कार नव्हते तेव्हाचा सांगलीचा ‘सामनावीर’

क्रिकेट विश्वचषकात ‘स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू’ निवडायला सुरुवात झाली १९९२ मध्ये. पहिला मान न्यूझीलंडच्या मार्टिन क्रो यांना मिळाला. सांगलीत ११ मार्च १९१५ रोजी जन्मलेल्या विजय हजारे यांच्या काळात असे काही नव्हते. असते, तरी त्यांच्या वाट्याला किती आले असते? त्यांच्या काही गाजलेल्या खेळी पराभवातल्या आहेत.

१९४३-४४ च्या पंचरंगी स्पर्धेची मुंबईतली अंतिम लढत पाहा. ‘रेस्ट’ संघाच्या दुसऱ्या डावातील ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या हजारेंच्या. भाऊ विवेकबरोबर त्यांनी ३०० धावांची भागीदारी केली, त्यात विवेकच्या फक्त २१! तरीही संघ डावाने हरला.

जानेवारी १९४८ मध्ये अ‍ॅडलेडला तेच. समोर लिंडवॉल आणि मिलर यांचा मारा. हजारेंनी ११६ आणि १४५ धावा काढल्या. कसोटीच्या दोन्ही डावांत शतक ठोकणारे ते पहिले भारतीय. द्विशतकवीर ब्रॅडमन यांचा त्रिफळाही त्यांनीच उडवला. भारत मात्र एक डाव १६ धावांनी हरला. मालिकावीर निवडायचा असता, तर ७१५ धावा करणारे ब्रॅडमनच ठरले असते.

फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला भारताने पहिला कसोटी विजय मिळवला, तेव्हा कर्णधार हजारेच होते. पण सामना गाजवला १२ बळी घेणाऱ्या विनू मांकड यांनी.

१९६० मध्ये हजारे आणि जसू पटेल पद्मश्री मिळवणारे पहिले क्रिकेटपटू ठरले. १८ डिसेंबर २००४ रोजी बडोद्यात हजारेंचे निधन झाले. देशातील राज्य संघांची एकदिवसीय स्पर्धा आज त्यांच्याच नावाने खेळली जाते.